मुलुंडच्या खिडकीतली तुळस

मुलुंड स्थानकातून पूर्वेला बाहेर पडून मिठागर रस्त्याच्या दिशेने चालू लागलात, तर मान थोडी वर करून चाला. अर्थात पायाखालची फरशी सांभाळूनच. कारण इथले पदपथ वयस्कांची परीक्षा पाहणारे आहेत. वर पाहिलेत की तीन-चार मजली जुन्या सोसायट्यांच्या खिडक्यांबाहेर काढलेले लोखंडी पिंजरे दिसतील. त्यांत वाळत घातलेले पंचे, जुनी सायकल, पाण्याचे पिंप असा संसार असतो आणि या सगळ्यांतून डोके वर काढून उभी असलेली एक तुळस असते. कुठे ती रंगाच्या रिकाम्या डब्यात आहे, कुठे चिनीमातीच्या वृंदावनात. अंगण गेले, ओटा गेला, तरी मुलुंडच्या माणसाने तुळस सोडलेली नाही. करोनाच्या साथीत, २०२० साली, आयुष मंत्रालयाने तुळस, सुंठ, मिरी, दालचिनीचा काढा घेण्याचे सुचवले, तेव्हा तर ज्यांच्याकडे ती नव्हती त्यांनीही कुंडी आणली.

याच रस्त्याने फाल्गुन-चैत्रात गेलात तर मात्र यातल्या काही तुळशी निस्तेज दिसतील. पानांवरची हिरवी झळाळी गेलेली, त्यावर कुणी पिठूळ रांगोळी भुरभुरवावी तसे फिकट ठिपके, शेंड्याकडची मंजिरी बारीक धाग्यांनी गुंडाळलेली. घरातल्या आजी म्हणतात, “पाणी कमी पडतंय गं, आणखी एक तांब्या घाल.” सून तांब्या घालते. तुळस आणखी मलूल होते.

हे काम पाण्याचे नसून लाल कोळ्याचे आहे. मुंबईत ‘कोळी’ म्हटले की डोळ्यांपुढे होडी आणि जाळे येते. हा कोळी निराळा, पण जाळे यालाही सुटलेले नाही. हा कीटकदेखील नव्हे. याला आठ पाय असतात आणि नाते घरातल्या कोळ्याशी व गोचिडाशी. आकार अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे पोथीतल्या अनुस्वारापेक्षाही लहान. पानाच्या पाठीवर बसून तो एकेका पेशीत सुईसारखे तोंड खुपसतो आणि आतला हिरवा रस शोषून घेतो. प्रत्येक टोचणीचा एक फिकट ठिपका. मादी आपल्या दोन-चार आठवड्यांच्या आयुष्यात शंभराहून अधिक अंडी घालते आणि हवा तापलेली असेल तर अंड्यातून निघालेला जीव साधारण आठ-दहा दिवसांत स्वतः अंडी घालण्याजोगा होतो. नर नसला तरी मादीचे अडत नाही. फलन न झालेल्या अंड्यांतून नर जन्मतात आणि वंश पुढे चालतो. या हिशेबाने एका महिन्यात काय होत असेल, ते पाहायला गणित लागत नाही, पान उलटे करणे पुरते.

आता मिठागर रस्त्याचे नाव आठवा. पूर्वेला ठाण्याच्या खाडीच्या काठाने मिठागरे पसरलेली होती, काहींच्या खुणा अजून आहेत. मिठासाठी लागते ते स्वच्छ ऊन, कोरडे वारे आणि पावसाचा अभाव. मिठाचा हंगाम म्हणूनच पाऊस तोंडावर येईपर्यंत चाले. लाल कोळ्याला नेमके हेच हवामान मानवते. मार्चमध्ये पूर्वेकडून जमिनीवरचे तापलेले वारे सुटतात, समुद्रावरून येणारी झुळूक अडते, आणि मुलुंड तर समुद्रापासून लांब, शहराच्या पूर्व कडेला. दादर-माहीमला दुपारी वाऱ्याची झुळूक लागलेली असते, तेव्हा मुलुंडच्या बाल्कनीतला लोखंडी कठडा हाताला चटका देत असतो. ज्या उन्हाने इथे मीठ पिकवले, तेच ऊन आता खिडकीत कोळी पिकवते.

पण सगळा दोष हवेवर टाकून चालणार नाही. मुलुंडच्या बदलत्या घराचाही त्यात वाटा आहे. रेल्वेपलीकडे पश्चिमेला गेलात, पाच रस्त्यावरून लालबहादूर शास्त्री मार्गाकडे वळलात, की मेट्रोचे खांब आणि पुनर्विकासाच्या इमारतींवरचे हिरवे पडदे दिसतात. त्यातून उडणारी धूळ तुळशीच्या पानावर थर होऊन बसते. धुळीने माखलेले पान कोळ्याला सोयीचे. त्याला खाणारे बारीक भुंगेरे आणि शिकारी कोळी अशा पानावर नीट फिरू शकत नाहीत. नवीन इमारतींत बाल्कनी उरलीच तर ती काचेच्या सरकत्या तावदानांनी बंद केलेली असते. तावदानामागे ऊन येते, ऊब साठते, वारा येत नाही. आणि मुख्य म्हणजे पाऊस येत नाही. अंगणातल्या तुळशीला जूनमधली पहिली झोडपणारी सर कोळ्यापासून आपोआप सोडवत असे. पाण्याच्या माऱ्याने तो खाली पडतो आणि बहुतेक वेळा परत चढत नाही. काचेमागच्या तुळशीला असा पावसाळा कधीच भेटत नाही. बाहेर धो-धो कोसळत असतानाही तिच्यासाठी बाराही महिने चैत्रच असतो.

पश्चिमेच्या टोकाला, योगी हिल्सच्या मागे, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर उभे आहेत. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे ते जंगल, आणि त्याच्या पोटात १८७९ साली पुऱ्या झालेल्या तलावाचे नाव तुळशी. जंगलातल्या रोपावर कोळी नसतो असे नाही. तिथे त्याला खाणारे असतात, धुणारा पाऊस असतो, म्हणून त्याचा जोर होत नाही. आपण कुंडी उचलून घरात आणतो तेव्हा रोप तेवढे आणतो. त्याचे राखणदार डोंगरातच राहतात.

इथे मला एका वेगळ्याच गोष्टीकडे तुमचे लक्ष वेधायचे आहे, आणि ती केवळ बागकामाची नाही. घरात कुणी अंथरुणाला खिळले आणि त्याच सुमारास तुळस वाळली, तर आपल्याकडे मनात चर्र होते. कुणी बोलून दाखवते, बहुतेक जण दाखवत नाहीत. विशेषतः जी आजी चाळीस वर्षे रोज त्या तुळशीला पाणी घालत आली, ती पलंगावरून खिडकीकडे पाहते आणि त्या वाळक्या फांद्यांमध्ये स्वतःच्या दुखण्याचा निकाल वाचते. शेजारची एखादी बाई येऊन “तुळस का गं अशी झाली?” असे म्हणून जाते. नंतर जेवण कमी होते, झोप कमी होते. शुश्रूषा करणाऱ्यांनो, हा मनातला भार औषधाच्या यादीत नसतो, म्हणून तो कमी समजू नका.

आता क्रम नीट पाहा. आजारपण आले की रुग्णाला वारा लागू नये म्हणून खिडकी बंद होते. वातानुकूलन यंत्र चालू राहते आणि खोलीतली हवा कोरडी होते. पलंगाला जागा हवी म्हणून कुंडी कोपऱ्यात सरकते. रोजचे पाणी दोन दिवसांवर जाते, मग कुणाला तरी आठवते आणि एकदम दोन तांबे घातले जातात. रोज सकाळी चार पाने खुडणारा हात अंथरुणात असतो, म्हणून पान उलटे होऊन कुणाच्या नजरेस पडत नाही, मंजिरी काढली जात नाही, पानांवर पाणी शिंपडले जात नाही. पंधरा दिवसांत कोळ्याच्या दोन पिढ्या उभ्या राहतात. तुळस वाळते ती यामुळे. तिने पुढचे काही सांगितलेले नसते. मागच्या पंधरा दिवसांत घर कोणत्या ओढाताणीत होते एवढेच तिच्यावरून कळते. शिवाय कुंडीतली तुळस दोन-तीन वर्षांत जून होतेच, तिचे खोड काष्ठ बनते आणि नवे पान थांबते. हे आजींना समजावून सांगता येते. उगीच धीर देण्यापेक्षा त्यांच्या हातात भिंग आणि एक उलटे केलेले पान द्यावे. चालणारे बारीक ठिपके एकदा डोळ्यांनी पाहिले की मनातली शंका पुष्कळ उतरते. दृष्टी अधू असेल तर नातवाच्या मोबाइलमध्ये पानाचा फोटो काढून मोठा करून दाखवावा.

तपासणी सोपी आहे. पांढऱ्या कागदावर फांदी धरून दोन टिचक्या मारा. कागदावर पडलेल्या कणांकडे थोडा वेळ पाहत राहा. धूळ जागेवर राहते, कोळी चालू लागतो. बोटाने पुसल्यावर लालसर-तपकिरी रेघ उमटली तर खात्री समजा. तुळशीवर जाळीदार पंखांचा, चपट्या ढेकणासारखा दिसणारा एक बारीक कीटकही येतो. त्याने पाने मुडपतात आणि पाठीवर काळे ठिपके पडतात, मात्र जाळे नसते. उपचार दोघांचा बराचसा एकच, म्हणून ओळखण्यात चूक झाली तरी बिघडत नाही.

खरा प्रश्न उपचाराचा आहे, आणि तो या रोपापुरता विशेष अवघड आहे. शेतकरी फवारणी करतो तेव्हा फवारणी आणि काढणी यांच्यामध्ये किती दिवस जाऊ द्यायचे हे त्या औषधाच्या वेष्टनावर लिहिलेले असते. काढणी तोंडावर असताना कोळी आला तर तो पेचात सापडतो, कारण थांबायला दिवस उरलेले नसतात. आसामच्या चहामळ्यांचा लाल कोळी हा एकोणिसाव्या शतकापासूनचा वैरी आहे आणि तिथे पेच आणखी घट्ट असतो: चहाची पाने काही दिवसांच्या अंतराने खुडली जातात आणि खुडल्यावर धुतली जात नाहीत, म्हणून कोणती औषधे चालतील याची यादीच चहा मंडळ ठरवून देते. गांजाचे रोपही याच कोळ्याचे आवडते. आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने त्याची घरगुती लागवड गुन्हा आहे. पण २०१८ पासून कायदेशीर परवानगी असलेल्या कॅनडात बंदिस्त खोल्यांत ते पिकवणाऱ्यांपुढे शेवटच्या आठवड्यांत हाच प्रश्न उभा राहतो. चिकट फुले धुता येत नाहीत आणि फवारलेले सगळे धुरातून फुप्फुसात जाते, म्हणून तिथे कोळी खाणारे शिकारी कोळी सोडण्याचा मार्ग पुष्कळ जण धरतात.

आणि आपली तुळस? तिची काढणी रोज सकाळी असते. आज चहात चार पाने, उद्या खोकल्याच्या काढ्यात दहा, एकादशीला नैवेद्यावर एक. फवारणी आणि खुडणी यांच्यामध्ये ठेवायला एकही मोकळा दिवस नाही. जे औषध उद्या सकाळच्या कपात चालणार नाही, ते आज संध्याकाळी तुळशीवर चालणार नाही. घरच्या पुदिन्याला आणि कढीपत्त्यालाही हाच नियम लावा. मी यात सूट देणार नाही, विशेषतः ज्या घरात तो कप पंच्याहत्तरीपुढच्या माणसाच्या हातात जातो तिथे.

म्हणून रोपवाटिकेत “कोळ्यावर काहीतरी द्या” असे मोघम मागू नका. काही औषधे आंतरप्रवाही असतात, म्हणजे झाडाच्या रसात भिनतात. तसले पान कितीही धुतले तरी औषध आतच राहते. कोळ्यावर एकेकाळी सर्रास वापरले जाणारे डायकोफॉल २०१९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या बंदीयादीत गेले, यावरून या वर्गातल्या औषधांची जात कळावी. आपल्याकडे कीटकनाशकाच्या वेष्टनावर रंगीत त्रिकोण असतो. लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे, सर्वांत कमी विषारी एवढेच. त्याहून घातक असते ती शीतपेयाच्या जुन्या बाटलीत ओतून दिलेली बिननावाची पूड किंवा द्रव. ज्या घरात विसरभोळेपणा वाढलेले आजोबा आहेत, तिथे अशी बाटली उंबरठ्याच्या आत येऊ देऊ नये. कुणाच्या पोटात काही गेलेच तर उलटी करवण्याच्या खटपटीत न पडता १०८ ला दूरध्वनी करून बाटली बरोबर घेऊन रुग्णालय गाठावे.

झुरळ-डासांचा फवारा कुंडीवर मारणे हाही नेहमीचा प्रकार. त्याने कोळी फारसा मरत नाही, त्याला खाणारे जीव मात्र मरतात आणि आठवड्याभरात कोळी दुपटीने येतो. शिवाय बंदिस्त बाल्कनी शयनगृहाला लागून असते आणि तिथे दमेकरी झोपलेला असतो. निंबोळी तेलाची शिफारस सगळेच करतात. गुलाबाला, जास्वंदीला ते ठीक. तुळशीला, पुदिन्याला नको. त्याचा कडवट वास पानात बरेच दिवस राहतो, आणि निंबोळी तेल पोटात घेण्याची वस्तू नाही. लहान मुलांना त्यापासून गंभीर बाधा झाल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत.

मग उरते काय? पाणी. काचेमागच्या तुळशीला जो पाऊस भेटत नाही, तो आपण हाताने द्यायचा. रोगट कुंडी आधी इतर रोपांपासून वेगळी करा. जाळे धरलेल्या फांद्या आणि सर्व मंजिऱ्या कात्रीने कापून पिशवीत घट्ट बांधून टाका; दुसऱ्या कुंडीत खत म्हणून घालू नका. मातीवर प्लास्टिकची पिशवी बांधा, रोप न्हाणीघरात आडवे धरा आणि पानांच्या पाठीवर पाण्याचा जोरदार मारा करा. हाताचा फवारा नसेल किंवा पाणी वरच्या मजल्यावर जोराने येत नसेल, तर रोप उलटे करून बादलीत चार-पाच वेळा बुडवून हलवा. एकदा धुऊन काम होत नाही. अंडी पानाला चिकटून राहतात आणि तीन-चार दिवसांत फुटतात, म्हणून दर तिसऱ्या दिवशी, सलग तीन आठवडे. बहुतेक जण दुसऱ्या वेळेनंतर कंटाळतात आणि ‘पाण्याने काही होत नाही’ असे म्हणतात.

प्रादुर्भाव फार असेल तर एक लिटर पाण्यात चमचाभर सौम्य द्रव साबण घालून पानाच्या पाठीवर मारता येतो. आधी एका पानावर लावून दोन दिवस पाहा, कारण तुळशीचे पान नाजूक असते आणि साबणाने करपते. मारायचे संध्याकाळी, तासाभराने स्वच्छ पाण्याने धुवायचे, आणि ते तीन आठवडे त्या कुंडीचे पान पोटात घ्यायचे नाही.

हे काम आजी-आजोबांनी करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. ओल्या मातीची दहा इंची कुंडी दहा किलोंच्या आसपास भरते आणि न्हाणीघराची फरशी ओली असते. तुळस वाचवताना खुब्याचे हाड मोडणे हा सौदा वाईट. त्यांनी खुर्चीत बसून पाने तपासावीत, दिवस मोजावेत आणि आज तिसरा दिवस आहे याची आठवण करून द्यावी. ती जबाबदारी त्यांना आवडतेही. ज्यांना दमा किंवा जुनी सर्दी आहे त्यांनी जाळे धरलेली फांदी झटकू नये. हा कोळी माणसाला चावत नाही, पण हरितगृहात काम करणाऱ्यांना त्याच्या सहवासाने नाक वाहणे, शिंका, दम लागणे असा त्रास झालेला आढळला आहे. दम्याला कारण ठरणारी गादीतली सूक्ष्म कीड याच्या नात्यातलीच.

धुतलेल्या पानाला एखादा कोळी चिकटून राहिला आणि चहात उकळला गेला, तर विषबाधा होत नाही. तरीही फिकट, जाळे धरलेली पाने काढ्यासाठी घेऊ नका. त्यांत घेण्याजोगे उरलेले नसते. आणि काढा कितीही घरगुती असला, तरी रक्त पातळ करणारी गोळी चालू असणाऱ्यांनी तो रोज घेत असल्याचे डॉक्टरांच्या कानावर घालावे.

घरात तुळशीच्या दोन कुंड्या असणे सर्वांत चांगले. पूजेच्या तुळशीचे पान न खुडण्याची रीत अनेक घरांत आहेच. तिच्याशेजारी पण हातभर अंतरावर दुसरी, खुडण्याची. एक उपचाराखाली असताना दुसरी चहाला मिळते. निरोगी रोपाची सुकी मंजिरी हातावर चोळली की मोहरीहून बारीक बी पडते, ते ओल्या मातीवर भुरभुरवून वर माती न लोटता ठेवले की उन्हाळ्यात दहा-बारा दिवसांत रुजते. नवीन रोप विकत आणलेत, मग ते स्थानकाबाहेरच्या फुलवालीकडून असो की रोपवाटिकेतून, तर दोन आठवडे ते जुन्या कुंड्यांपासून लांब ठेवा. घरात कोळी बहुतेक वेळा पिशवीतूनच येतो. खताचा मारा टाळा. फार कोवळ्या, रसरशीत वाढीवर कोळी जास्त फोफावतो. तुळस अगदीच खराट्यासारखी झाली असेल तर निम्म्यावर छाटा. खोड नखाने खरवडून पाहा: आत हिरवे असेल तर तीन-चार आठवड्यांत नवी पाने येतील, तपकिरी आणि कोरडे असेल तर ती गेली. आजींना आधी सांगा, मगच कुंडी उचला. परस्पर फेकून देऊ नका.

आणि जून आला, मुलुंडच्या डोंगरांवर ढग उतरले, की कुंडी एका संध्याकाळी गच्चीवर नेऊन ठेवावी. गच्चीची किल्ली बहुधा रखवालदाराकडे असते, कुंडी उचलायलाही तो मदत करतो. रात्रभर सर झोडपू द्यावी. सकाळी पाणी निथळल्यावर खाली आणून आजींच्या खिडकीत ठेवावी.